शेजारणीला जवळ बसवा

वहिनीच्या शेजारणीचा, पार्वतीकाकूंचा फोन आला तेव्हा मी म्हसळ्याच्या बाजारात कोलंबी निवडत होते. “ताई, लवकर या. वयनी उठत न्हाय,” एवढंच त्या म्हणाल्या. मी बोर्ली पंचतनला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझी वहिनी सुषमा सकाळचा चहा घेऊन जरा आडवी झाली, ती उठलीच नाही... महिना उलटून गेला तरी मला अजून तिचा रागच येतो. आजारपण नाही, निरोप नाही. सगळं सांगूनसवरून करणाऱ्या बाईने हे एकच न सांगता केलं.

वहिनीची उभी हयात बायकांच्या सल्ला केंद्रात गेली. मारहाण झालेल्या, घराबाहेर काढलेल्या बायकांचं ऐकायचं आणि कोर्टात टिकेल असं नीट लिहून घ्यायचं, हे तिचं काम. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, लोणची घालतात. हिने लॅपटॉप घेतला. आपल्याला जे आलं ते मानवी हक्कांचं काम करणाऱ्या जगातल्या कुणालाही फुकट मिळावं, म्हणून छोटे छोटे पाठ रेकॉर्ड करून वेबसाइटवर टाकायला लागली. जबाब कसा घ्यावा, फोनमधली नावं कशी लपवावीत, माणसाला पोलिसांनी नेलं तर पहिला फोन कुणाला करावा... मी इंग्रजीची मास्तरीण, तेव्हा भाषांतर माझ्या गळ्यात. “वन्सं, तुमचं इंग्रजी फार कडक इस्त्रीचं आहे, जरा चुरगळा की!” असं म्हणत माझी लांबलचक वाक्यं तोडायला लावायची. ‘आमच्या गावात तुमचा पाठ ऐकवला’ असे मेल कुठून कुठून यायचे, आणि आम्ही दोघी नकाशा उघडून ते गाव शोधत बसायचो.

तिचा नियम एकच, घराच्या ओटीवर तालीम करून बघितल्याशिवाय पाठ वेबसाइटवर चढवायचा नाही. जबाब देणारी बाई म्हणून शेजारच्या पार्वतीकाकूंना बसवायची. काकू अंगात आल्यासारखं काम करायच्या. “मी न्हाय सांगायची! आदी चाय द्या, मंग बघू.” वहिनी खरोखरच चहा टाकायला उठायची, कारण खरी बाईसुद्धा लगेच कुठे बोलते? वाडीतली दुसरी कुणी येऊन शेजारी टेकली, की मात्र काकू घडाघडा बोलू लागत. केंद्रातला वहिनीचा अनुभवही तोच होता. म्हणून पाठात तिने सांगितलं, ‘बोलणारीला धीर यावा म्हणून तिच्या शेजारणीला जवळ बसवा.’ आमच्याकडे शेजारीण म्हणजे अर्धं माहेर. त्यात चुकण्यासारखं काही आहे, असं आम्हा तिघींपैकी कुणालाही वाटलं नाही.

मग फार दूरच्या एका देशातून एका कार्यकर्तीचा मेल आला. तिने पाठाबरहुकूम शेजारणीला बसवलं होतं, आणि ज्यांच्याविरुद्ध जबाब होता त्यांच्याकडे त्या शेजारणीनेच जाऊन चुगली केली. जबाब देणाऱ्या बाईला अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडावं लागलं. ती कुठे आहे ते कळत नव्हतं. मेलमध्ये तक्रारीचा सूरही नव्हता. मी वाचत गेले आणि वहिनीने हातातली आमटीची वाटी खाली ठेवली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मी आपली व्यवहारी. म्हटलं, “गुपचूप बदलून टाक, कुणाला कळतंय?”

“ज्यांनी आधीच ऐकलाय त्यांना कसं कळणार, वन्सं?”

तिने पाठ काढला आणि त्याच जागी स्वतःचं नाव सांगून नवं रेकॉर्डिंग टाकलं. हे मी चुकीचं शिकवलं, माझं गाव म्हणजेच जग असं मी धरून चालले, जवळ कुणाला बसवायचं ते बोलणाऱ्या बाईलाच विचारा... आणि शेवटी त्या अनोळखी बाईची माफी मागितली. चारचौघांत चूक कबूल करताना भल्याभल्यांची दातखीळ बसते. हिने जगासमोर केली. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तसं मी बोलूनही दाखवलं. “पुरे हो, ती सापडली का ते बघा,” म्हणाली. पुढे वहिनीचा फोन आला की पहिलं वाक्य तेच असायचं, “तिचं काही कळलं?” तब्येतपाणी नंतर.

परवा तिची खोली आवरायला गेले. खिडकीच्या गजाला हेडफोन अडकवलेला, टेबलावर खोबरेल तेलाची बाटली आणि चष्म्याचं घर. लॅपटॉप उघडला तर त्याच कार्यकर्तीचा मेल येऊन पडला होता. ती बाई सुखरूप आहे, दुसऱ्या गावी बहिणीकडे आहे, माफी तिला ऐकवली. खाली त्या बाईचा निरोप होता, ‘त्या बाई बऱ्या आहेत ना? माझ्यापायी त्यांना काही त्रास तर झाला नाही?’

मी काकूंना हाक मारून वाचून दाखवलं. पदर डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, “लिवा ताई. खरं त्येच लिवा.” मी वहिनीच्या खुर्चीत बसले. मग लिहिलं, ‘ती गेली. तुला कधी भेटली नाही, पण शेवटच्या दिवसापर्यंत तुझीच चौकशी करत होती.’