अर्धा फेरा

आधीच सांगतो, मी सायन्सचा विद्यार्थी आहे — गुलबर्ग्याला इंटरच्या वर्गात. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं हिंडले. घरी कोणी भुताखेताचं काही सांगू लागलं की मीच त्याला कारणं समजावून देत असे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. पण हे मी स्वतः पाहिलं, तेही भर उन्हात, सकाळी दहाच्या सुमारास... जमेल तसं लिहितो.

माझा थोरला भाऊ, अण्णा, ट्रक चालवतो. ट्रक आमच्या गावातल्या आडत्याचा, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. हैद्राबादच्या पोलीस ॲक्शननंतर लष्कराच्या जुन्या गाड्या विक्रीला निघाल्या, त्यातली ही एक. अण्णा आधी तिच्यावर क्लीनर होता, मग शिकाऊ लायसनवर चालवू लागला. पक्कं लायसन मिळालं नाही तर दुसरा ड्रायव्हर बघणार, असं अप्पांनी तोंडावर सांगितलं होतं. अण्णाचं काम सुटलं की माझं कॉलेजही सुटणार. हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण मला कळत होतं.

आता एक रीत सांगितली पाहिजे. मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडं, आमच्या गावाच्या फाट्यावर, महादेवाचं लहानसं देऊळ आहे — अगदी रस्त्याच्या मधोमध. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर वाहतं तिथंवर जायचं, ते ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं मागं यायचं. आमच्याकडं माणसंच नव्हे, बैलगाड्याही हे पाळतात. आणि अण्णाचा ट्रकही. दर खेपेला निघताना तो भरलेला ट्रक पाण्याच्या पन्हळीपर्यंत नेई आणि तसाच रिव्हर्समध्ये देवळाभोवती मागं आणी. रिव्हर्स घेण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही, ते यामुळेच.

लायसनची परीक्षा बीदरला होती. शहराबाहेर चार रस्ते मिळतात तिथं एक गोल दगडी कट्टा आहे, त्याला सर्कल म्हणतात. कट्टा उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती पूर्ण फेरा मारायचा, एवढीच परीक्षा. मला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. मन्नाएखेळ्ळीपासून बीदरपर्यंत मी अण्णाला बजावत आलो, की तिथं देव नाही, पन्हळ नाही, अर्ध्यात फिरू नको. शेवटी तो वैतागला.

"व्हय रे व्हय. किती डांबरावानी चिकटायलास?"

मागं तुरीची पोती गच्च भरलेली. अप्पांना माल तसाच पुढं हैद्राबादच्या बाजारात न्यायचा होता. परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर साहेब अण्णाशेजारी बसले. अप्पा आणि मी रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. ट्रक निघाला... पाव फेरा, अर्धा फेरा. अर्ध्याच्या पुढं गेला तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी अप्पांचा दंडच धरला!

आणि तिथंच ट्रक थांबला.

"झालं," अप्पा म्हणाले. "तुझ्या अण्णाला इथंबी महादेव भेटला बघ."

मी धावत गेलो. साहेब खिडकीतून डोकं काढून खाली बघत होते.

"पूरा चक्कर मारो बोल्या तो बीचमेंच कायकू रुक गए मियाँ?"

अण्णा समोर बोट दाखवून म्हणाला, "पाणी वाहायलंय की साहेब."

तिथं पाणी नव्हतं. चैत्र संपत आला होता. पांढरा फुफाटा, त्यात चाकांचे जुने माग — बस्स. साहेब खाली उतरले, नेमक्या त्याच जागी गेले, दोनदा बूट आपटला. धूळ उडाली. मग मागं येऊन, खरं सांगायचं तर मोठ्या मनानं, त्यांनी पुन्हा एक संधी दिली. अण्णानं हात जोडले.

"लायसन नका दिऊ. पर वाहत्या पाण्यावरनं मी गाडी न्हेत न्हाई."

मला रडू यायचं बाकी होतं. साहेबांनी हातातल्या कागदावर रेघ मारली आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. अण्णानं रिव्हर्स टाकला. एवढा भरलेला ट्रक त्यानं कट्ट्याभोवती उलटा असा आणला, की कडेच्या दगडाला धक्का नाही. तेव्हा माझं लक्ष पुढच्या डाव्या चाकाकडं गेलं. ते ओलं होतं. नुसतं ओलं नाही — त्याला चिखल लागला होता, आणि ते मागं येताना धुळीत ओला पट्टा उमटत होता.

मी अप्पांना ते दाखवायला वळलो, तोच पोतं आपटल्यासारखा आवाज झाला. ट्रक जिथं थांबला होता त्याच्या दोन हात पुढं रस्ता खचला होता. बैलगाडी सहज मावेल एवढं भगदाड... आणि आत, खाली, पाणी वाहत होतं. स्वच्छ, खळखळ आवाज करत.

बीदरच्या जमिनीखाली जुन्या सुलतानांच्या वेळचे पाण्याचे बोगदे आहेत, लोक त्यांना सुरंग बावी म्हणतात. त्यातलाच एक, सगळे विसरून गेलेला. अर्ध्या तासात तिथं जत्रा भरली. दोर आले, बायका घागरी घेऊन आल्या. त्या बाजूच्या विहिरी महिन्यापूर्वीच आटल्या होत्या. एका म्हातारीनं पहिली घागर अण्णाच्या ट्रकच्या नाकावरच ओतली आणि सगळे हसू लागले. इन्स्पेक्टर साहेब मात्र बराच वेळ आपल्या बुटाकडं बघत उभे होते.

अण्णा अदबीनं त्यांच्याजवळ गेला. "साहेब, आता पूरा फेरा मारू का?"

"नक्को मियाँ," साहेब म्हणाले. "उल्टा इत्ता साफ फिराया, उसकू सीधा क्या पूछना." आणि तो कागद फाडून त्यांनी नवा लिहायला घेतला. अप्पांनी मला गूळ आणायला पिटाळलं.

कारण मी शोधलंच. ट्रकच्या वजनानं बोगद्याचं छत हललं असेल, ते अण्णाला स्टिअरिंगमधून जाणवलं असेल. हे पटतं. पण चाक? भगदाड पडायच्या आधी ते ओलं कसं झालं? आमचे प्रोफेसर म्हणाले, रेडिएटर गळत असेल. मी त्याच दिवशी झाकण उघडून पाहिलं होतं, तो काठोकाठ भरलेला होता. साहेबांच्या बुटाला तर तिथं धूळच लागली होती... अण्णाला विचारलं तर तो मलाच विचारतो, "तुला दिसलं न्हाई? कामून?"

आता तिथं दगडी फरशा टाकून रस्ता पक्का केला आहे. सुट्टीत मी अण्णाबरोबर जातो तेव्हा तो त्या जागेपर्यंत ट्रक नेतो आणि रिव्हर्समध्ये मागं आणतो. मागचे टांगेवाले शिव्या घालतात. मी मात्र ट्रक थांबला की खाली उतरतो आणि पुढच्या डाव्या चाकाला हात लावून बघतो. आजवर ते कोरडंच लागलं आहे. तरी मी उतरतो, आणि अण्णा वरून विचारतो, "काय म्हणतंय तुझं सायन्स?"