सहा विली आणि एक चौकट

क्रेगहेवनच्या धक्क्यावर उभं राहून 'विल्यम फिंडले' अशी हाक मारली, तर निम्मं गाव वळून बघेल. उरलेलं निम्मं बघणार नाही, कारण ते जेम्स फिंडले आहेत. स्कॉटलंडच्या या ईशान्य किनाऱ्यावर आडनावं मुळातच दोन-तीन, आणि मुलाला आजोबाचंच नाव ठेवायचं हा नेम. मग माणसं वेगळी ओळखायची कशी? म्हणून प्रत्येक घराला एक जोडनाव. पोस्टमन त्याच नावानं पत्र टाकतो, मतदारयादीत ते छापलेलं असतं, आणि माणूस गेला की थडग्याच्या दगडावरही कोरतात.

एल्स्पेथच्या सासरचं जोडनाव व्हिसल, म्हणजे शिट्टी. तिच्या नवऱ्याच्या पणजोबानं एकदा होडीवर शिट्टी वाजवली होती. होडीवर शिट्टी म्हणजे वाऱ्याला आवतण. वारा आला, आणि असा आला की दोन होड्या भलत्याच गावाच्या खडकाला जाऊन लागल्या. माणसं वाचली, नाव चिकटलं. गावानं टोमणा म्हणून दिलेलं नाव त्या घरानं चार पिढ्या पदकासारखं मिरवलं.

एकसष्ट वर्षांची एल्स्पेथ ठेंगणी, लालबुंद गालांची आणि तोंडानं फटकळ होती. गावातल्या सहा होड्यांच्या शेवंडी आणि खेकडे तिच्या शेडमधल्या टाक्यांत यायचे आणि दर शुक्रवारी दुपारी दोनच्या लॉरीनं जिवंत निघायचे, ते फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, घाऊक माल घेणाऱ्या मादाम ल गॉफ यांच्याकडे. वीस वर्षं एका चिठ्ठीवर हा व्यवहार चालला होता. मग ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडलं, आणि चिठ्ठीच्या जागी फॉर्म आले, जनावरांच्या डॉक्टरची सही आली, शिक्के आले. शेवंड तीच, समुद्र तोच, पण आता तिला परदेशी जायला माणसापेक्षा जास्त कागद लागायला लागले.

घरात यावरून रोज खटके उडायचे. स्कॉटलंडनं वेगळं व्हावं का, या मतदानात एल्स्पेथनं 'हो' म्हटलं होतं, तिच्या नवऱ्यानं, विल्यम ऊर्फ विलीनं, 'नाही'. युरोप सोडावा का, यात विलीनं 'सोडा' म्हटलं, एल्स्पेथनं 'राहू द्या'. म्हणजे दोनदा दोघं एकाच गाडीतून मतदानाला गेले आणि एकमेकांचं मत पुसून परत आले. विलीचं म्हणणं असायचं, समुद्र आपला आपल्याला मिळाला. "मिळाला ना," एल्स्पेथ बटरी, म्हणजे तिकडचा खारा लोणीदार पाव, चहात बुडवत म्हणायची, "मग आता त्यातलं निघतं ते तूच खा. तिन्ही त्रिकाळ." विली वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा.

त्या जानेवारीतल्या शुक्रवारी मात्र थट्टेला जागा नव्हती. आदल्याच आठवड्यात मादामचा निरोप आला होता. कॅनडाच्या शेवंडी विमानानं येतात, वेळेवर येतात. तुमचा माल अजून एकदा चुकला तर मला दुसरीकडे बघावं लागेल. त्या बाईला दोष कोण देणार? तिलाही गिऱ्हाईक होतं. पण ती गेली असती तर शेड बंद, आणि शेड बंद म्हणजे सहा होड्या वाळूवर.

इथंच घोडं पेंड खात होतं. एल्स्पेथनं त्या आठवड्यापासून लागू झालेला नवा फॉर्म पहिल्यांदा भरला तेव्हा होड्यांच्या मालकांची नावं लिहिली होती ती गावच्या रीतीनं: विल्यम फिंडले व्हिसल, विल्यम फिंडले किंग, विल्यम फिंडले कॅरट, आणि तशीच आणखी तीन. फॉर्म परत आला. टोपणनावं लिहू नयेत. तिनं गुमान ती खोडली आणि पुन्हा पाठवला. शुक्रवारी सकाळी प्रमाणपत्र आलं ते एकाच होडीच्या मालाचं. खाली शेरा होता: एकाच व्यक्तीचं नाव सहा वेळा नोंदवलेलं आढळलं, पाच नोंदी रद्द. होड्यांचे वेगळाले नंबर पुढच्या पानावर होते, पण यंत्र पहिल्याच पानावर थांबलं होतं.

तिनं लंडनला फोन लावला. तिथल्या बाईनं फार गोड आवाजात सांगितलं की शिक्के एडिनबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, सरकारच्या हातात आहेत. एडिनबराला लावला, तर तिथला गृहस्थ म्हणाला की शिक्का आमचा खरा, पण फॉर्म लंडनचा. चौकटीत काय बसतं ते आम्ही ठरवत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्या एडिनबराच्या पार्लमेंटसाठी तिनं पावसात उभं राहून पत्रकं वाटली होती, तिथल्यांनीही हात वर केले याचा तिला लंडनपेक्षा जास्त राग आला. परक्यानं मारलं तर लागतं, आपल्यानं मारलं तर झोंबतं.

शेडबाहेर लॉरी भरून उभी होती. ओल्या पेट्यांत शेवंड फार तर दोन दिवस तग धरते.

"आजची एकाच होडीची जाऊ दे," विली म्हणाला. "बाकीच्या परत टाक्यांत सोडू."

"आणि मादामला काय सांगू? पाच विली मेले?"

असं म्हणून ती घरात गेली, दिवाणखान्यातल्या भिंतीवरची काचेची एक जुनी चौकट उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि हुकूम सोडला, सगळ्या विलींना बोलवा. विली किंग जेवत होता, तो तोंड पुसत आला. सत्तरीतला विली कॅरट, ज्याच्या गाजरासारख्या लाल केसांतला एकही आता उरलेला नाही, तो बूट न बदलताच गाडीत चढला. उरलेले तिघे मागे दाटीवाटीनं बसले, आणि एल्स्पेथचा नवरा विली व्हिसल गाडी चालवायला बसला. 

शहरातल्या शिक्के मारणाऱ्या कचेरीत खिडकीमागे ग्रेगर नावाचा एक तरुण अधिकारी होता, ग्लासगोकडचा, नव्यानं आलेला. त्यानं कागद पाहिला आणि अदबीनं हाक मारली, "विल्यम फिंडले?"

सहाही उठले.

त्यानं सहाजणांकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा सहाजणांकडे. त्याला चूक कळली, पण कळणं वेगळं आणि करणं वेगळं. तो म्हणाला की नावाच्या चौकटीत कायद्यानं असलेलंच नाव चालतं, बाकी काही लिहिलं तर कागद रद्द होतो. त्याच्या हातात काही नाही.

एल्स्पेथनं टॉवेल सोडला. चौकटीत नाविकदलाचं शंभर वर्षांपूर्वीचं, महायुद्धातलं पत्र होतं, पिवळं पडलेलं, विलीच्या आजोबांच्या थोरल्या भावाबद्दल विलीच्या पणजीला आलेलं. तुमचा मुलगा विल्यम फिंडले व्हिसल नौका बुडून मरण पावला, एवढाच मजकूर. त्या नौकेवर चार विल्यम फिंडले होते, आणि बुडालेला कोणता ते नीट कळावं म्हणून नाविकदलानं जोडनाव स्वच्छ अक्षरात टंकलं होतं.

"वाच, पोरा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. शेवटाकडे त्याचा आवाज खाली गेला.

"राजासाठी मरताना हे नाव चाललं," एल्स्पेथ म्हणाली. "बंदरावरच्या स्मारकाच्या दगडावर चाललं. मतं मागायला येतात तेव्हा लंडनवाल्यांच्या यादीतही चालतं आणि एडिनबरावाल्यांच्याही. फक्त शेवंड पाठवायची म्हटली की ते टोपणनाव होतं होय? मी हे आज खोडणार नाही. एकदा खोडलं, तीच माझी चूक."

 तेवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. विली व्हिसल पुढे आला, टोपी काढून.

"ती म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात राजकारणावर हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि तेही चारचौघांत. एल्स्पेथनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं आणि तिला ते तिथं नको होतं.

 ग्रेगरनं सहा वेगळे कागद केले, प्रत्येकावर होडीचा नंबर घातला आणि शेऱ्याच्या जागेत स्वतःच्या हातानं एकेक जोडनाव लिहून खाली सही ठोकली. वरून विचारणा झाली तर, तो म्हणाला, माझं नाव सांगा.

"तुझ्या नावाचे इथं किती आहेत?" विली कॅरटनं विचारलं.

"मी एकटाच."

"मग सापडशील लवकर," म्हातारा म्हणाला, आणि ग्रेगरला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

लॉरी दोनऐवजी पाचला सुटली. ब्रिटनीला पोचेपर्यंत दोन पेट्या गेल्या, बाकीच्या तरल्या. सोमवारी मादामचा फोन आला. तिनं मालाबद्दल कमी आणि नावांबद्दल जास्त विचारलं. तिच्या बंदरावर म्हणे अकरा ल गॉफ आहेत, आणि तिच्या घराला सगळे 'तिरकी खिडकी' म्हणतात. फ्रान्सच्या सरकारला अजून पत्ता नाही. पुढच्या शुक्रवारीही माल पाठवा, एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

गुरुवारी नवा फॉर्म आला. सूचना जिथल्या तिथं होती: टोपणनावं लिहू नयेत. एल्स्पेथनं चष्मा लावून ती नीट वाचली. विली समोर बसून बटरी खात होता. त्यानं स्वतःचं पेन तिच्याकडे सरकवलं. तिनं पहिल्या चौकटीत, सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: व्हिसल. बाकीचं नाव चौकटीबाहेर गेलं.