ओडेसा प्रुइटचं शुक्रवारचं रिंगण

ओडेसा प्रुइटनं ब्राँक्समधल्या भाडेकरूंच्या तक्रारींच्या ऑफिसात एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली एकोणीस वर्षं तिथं कुणालाच माहीत नव्हतं, की ही बाई सोळाव्या वर्षी पार्कात माईक धरून उभी राहायची. पोरं दिव्याच्या खांबातून वीज ओढायची, मामेभाऊ दोन रेकॉर्ड प्लेअर मांडायचा, आणि ओडेसा तालावर यमकं जुळवत पलीकडच्या गल्लीतल्या पोरांची पिसं काढायची. या भांडणांना नियम होते. अंगाला हात लावायचा नाही, कुणाच्या आईवर जायचं नाही आणि संपल्यावर हात मिळवायचा.

एकोणिसाव्या वर्षी ती नोकरीची परीक्षा पास झाली. आई म्हणाली, "आता तोंड चालवणं पुरे. ऑफिसात खाली मान घालून बसायचं." ओडेसानं ऐकलं. पुढं तिचं लग्न झालं, मोडलं, आणि अडतिसाव्या वर्षी ती अकरा माणसांची प्रमुख झाली.

या अकरांत क्लाइड बेनबो आणि विल्फ्रेदो कीन्योनेस यांच्यात विस्तव जात नव्हता. क्लाइड तक्रारी नोंदवायचा, विल्फ्रेदो त्यावर तपासनीस पाठवायचा. दोन टेबलांमध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि दोन वर्षांचा अबोला. क्लाइड फाइल ट्रेमध्ये टाकून निघून जायचा. काही विचारायचं असलं तर विल्फ्रेदो चिठ्ठी लिहायचा. क्लाइड ती वाचायचा नाही.

नव्याण्णव सालच्या जानेवारीत एक फाइल अशीच नऊ दिवस अडकली. चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी, घरात हीटर बंद. दहाव्या दिवशी तिची मुलगी ऑफिसात येऊन ओरडली, "माझी आई ओव्हन उघडा ठेवून त्याच्यासमोर झोपतेय! तुम्हाला काय, तुम्ही इथं उबेत नुसत्या शर्टावर बसलाय!"

ओडेसानं तपासनिसाला लगेच पाठवलं. मग दोघांना बोलावलं.

"नऊ दिवस कुणामुळे?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तेही न बघता.

वर लेखी कळवलं असतं तर दोघांच्याही पगारवाढीवर गदा आली असती आणि अबोला होता तसाच राहिला असता. ओडेसानं तो कोरा फॉर्म परत खणात टाकला. मग म्हणाली, "शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत या. काय म्हणायचं ते तोंडावर म्हणायचं. पण यमकात."

"मिस ओडेसा, मी त्रेपन्न वर्षांचा आहे," क्लाइड म्हणाला. "चर्चमध्ये मी भजनमंडळात गातो."

"मग ताल कळत असेल."

शुक्रवारी सगळे अकराच्या अकरा जमले. कुणी उकडलेली केळी खात होतं, कुणी सँडविच. ओडेसानं नियम सांगितले आणि लोखंडी कपाटावर तळहातानं ताल धरला. सुरुवात तिनंच केली. चार ओळींत स्वतःच्याच चुकीवर झोड उठवली, की नऊ दिवस आपणही ट्रे पाहिला नाही. लोक आधी हसले, मग ऐकू लागले. एकोणीस वर्षांनीही तिची जीभ अडखळली नाही. याचं तिलाच नवल वाटलं.

क्लाइडनं खिशातून कागद काढला.

"माझी फाइल तुझ्या टेबलावर नऊ दिवस झोपली,
तू मात्र खिडकीत बसून कॉफी तेवढी ढोसली!"

खोलीत हुर्यो उठली. विल्फ्रेदोला कागद लागला नाही.

"फायलीवर तुझी सही नव्हती, मी ती पुढे कशी ढकलू?
समोरून जातोस भिंतीसारखा, भिंतीशी मी काय बोलू?"

"घे क्लाइड, आता ही कॉफी तू पिऊन टाक!" कुणीतरी ओरडलं.

क्लाइडनं कागदाची घडी केली. पुढचं त्यात लिहिलेलं नव्हतं.

"लोरेनला पुरलं मार्चमध्ये, सगळं ऑफिस आलं,
तुझं एक फूल नाही, तुझं..."

यमक सापडलं नाही. ओडेसाचा हात कपाटावर थांबला. लोरेन म्हणजे क्लाइडची बायको, दोन वर्षांपूर्वी गेलेली.

विल्फ्रेदो साध्या बोलण्यावर आला. "मी तेव्हा गावी, पोन्सेला होतो, आईचं ऑपरेशन होतं. मला कुणी सांगितलंच नाही रे. परत आलो तर तू बोलणं टाकलेलं. मला वाटलं, खिडकीजवळची जागा मला मिळाली म्हणून फुगलायस."

"जागा?" क्लाइड म्हणाला. "त्या खिडकीतून वारा येतो. कुणाला हवीय ती?"

"हात मिळवा," ओडेसा म्हणाली. दोघांनी मिळवला, आणि घाईनं सोडला.

दोघे काही जिवलग झाले नाहीत. पण फाइल हातात देऊ लागले, आणि सही राहिली तर विल्फ्रेदो चार पावलं चालून जाऊ लागला. शुक्रवारचं रिंगण चालू राहिलं. कुणाचं भांडण रजेवरून, कुणाचं फ्रिजमधल्या डब्यावरून. सहा महिन्यांत ओडेसाच्या विभागातून वर एकही लेखी तक्रार गेली नाही.

ते आकडे मॅनहॅटनमधल्या मुख्य ऑफिसात मिस्टर व्हिटलॉक यांनी पाहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी या रिंगणाची रंगीत पत्रकं छापली, हजेरी सक्तीची केली आणि बाहेरून एक तज्ज्ञ आणला. तो नवी कोरी टोपी तिरकी घालून आला आणि म्हणाला, "चला, आता सगळ्यांनी आपापल्या भावना मोकळ्या करा!" अकरा माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. क्लाइड घड्याळाकडे बघत होता.

"यांना शिकवायला तुम्ही का नाही उभ्या राहत?" व्हिटलॉकसाहेबांनी ओडेसाला बाजूला घेऊन विचारलं. "बाकीच्या ऑफिसांतही पाठवतो तुम्हाला. पद वाढेल."

"साहेब, वरिष्ठ बघत असताना माणूस खरं भांडत नाही," ती म्हणाली. "आणि मी त्यांची वरिष्ठ आहे. मला त्यांनी तरीही चालवून घेतलं, एवढंच."

त्यांनी हे वहीत लिहून घेतलं. कार्यक्रम तीन महिन्यांनी बंद पडला. त्यानंतर शुक्रवारी पुन्हा कधी कुणी जमलं नाही. ओडेसानंही बोलावलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही. पार्कातलंही असंच एके दिवशी थांबलं होतं.

दोन हजार अकरात ती निवृत्त झाली. निरोपाच्या केकपाशी विल्फ्रेदोनं दोन ओळी म्हणायचा प्रयत्न केला आणि दुसरी ओळ विसरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लाइड त्याआधीच नोकरी सोडून जॉर्जियाला बहिणीकडे गेला होता. त्यानं कार्ड पाठवलं होतं, त्यात फक्त सही होती.