मधे न बोलायचं प्रात्यक्षिक

बारावीला मानसशास्त्र घेतलं तेव्हा मुरगूडच्या आमच्या गल्लीत माझी फार टिंगल झाली. "येड्यांची डॉक्टरीण आली बघा!" म्हणायची सगळी. मीही कमी नव्हते. "या की, पयला नंबर तुमचाच लावते," म्हणून मोकळी व्हायचे.

कॉलेज कोल्हापुरात. मानसशास्त्राच्या मॅडम एकदा म्हणाल्या, या वेळचं प्रात्यक्षिक अगदी सोपं आहे. घरातल्या एकाचं दहा मिनिटं ऐकून घ्यायचं. सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, मधे तोंड घालायचं नाही. सोपं? अहो, आमच्याकडं? इथं माणूस 'डोकं' म्हणेपर्यंत समोरचा सुंठ उगाळायला घेतो, आणि वर "काय हुत न्हाय तुला" हे ठरलेलंच.

मी आप्पांना धरलं. माझे वडील टेंपोतून डेअरीला दूध पोचवायचे. पावसाळ्यात नदीच्या पुलावर समोरून ट्रक आला आणि टेंपो कठड्याला घासला. आप्पांना खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर गुडघा दुखतो म्हणून ते स्टेअरिंगला बसेनात. टेंपो चुलते न्यायचे आणि एरवी चार घरं ऐकू जाईल असं बोलणारे आप्पा दारच्या सोप्यात गप्प बसून असायचे. गुडघ्याला तेल झालं, शेक झाला, बोकडाच्या पायाचा रस्सा पाजून झाला. शेवटी घरात टेंपो विकायचं बोलणं निघालं. त्या टेंपोत आप्पांचा जीव होता.

गोठ्यात वैरण टाकताना मी म्हटलं, "आप्पा, गुडघ्याचं सांगा की." ते सुरू झाले. डॉक्टर असला, गोळ्या तसल्या. माझ्या तोंडात चार सल्ले वळवळत होते, पण जीभ दातांखाली धरली. बोलता बोलता ते थांबले. मीही गप्प. आमच्या घरात एवढी शांतता कुणी गेल्याशिवाय होत नाही.

"गुडघा न्हाय गं दुखत माझा," आप्पा म्हशीकडं बघत म्हणाले. "पूल आठवला की हात गार पडत्यात. कुणाला सांगू हे?"

मला रडूच फुटलं. त्यांना विचारूनच मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंची गाठ घालून दिली. मग आप्पा आधी नुसतेच बंद टेंपोत बसायला लागले. नंतर गल्लीतून एक चक्कर, नंतर पुलाच्या अलीकडंपर्यंत. लोक हसले. हसू देत मेले! मला त्या प्रात्यक्षिकाला मार्क किती पडले ते आज आठवत नाही, पण मॅडमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

बोर्डाच्या पेपरादिवशी माझी एस्टी चुकली. आप्पांनी टेंपो काढला. पुलावर आलो तशी गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली. त्यांच्या कपाळावर घाम, मागं एका जीपवाल्याचा हॉर्नवर हॉर्न. मला वाटलं, आता हे गाडी थांबवणार, खाली उतरणार.

आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्यांच्या त्या जुन्या, चार घरं हलवणाऱ्या आवाजात ओरडले, "ओ पावणं, दमा की जरा! भ्यालेला माणूस गाडी चालवतोय!"

हॉर्न बंद झाला.