धड चप्पल

आमचं कापसाचं जिनिंग बंद पडलं त्या वर्षी माझी दारू हाताबाहेर गेली. दारव्ह्यात दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते असं कळलं म्हणून गेलो, पण जिना चढायचा धीर होईना. खाली एक म्हातारा चपला शिवत बसला होता. थांबायला निमित्त म्हणून मी माझ्या धड चपला काढून त्याच्यापुढे ठेवल्या.

त्यानं एक उलटून पाहिली, शिलाईवरून अंगठा फिरवला आणि दोन्ही चपला आपल्या मागे सरकवल्या.

"वर जा भाऊ. उतरल्यावर घेऊन जा."

"अनवाणी?"

"मी बी तसाच गेलतो. चप्पल पायात असली का माणूस पळते."

वर कुणी उपदेश केला नाही, सगळं ऐकून घेतलं. तासाभरानं हलका होऊन उतरलो. माझ्या चपलांशेजारी आणखी दोन जोड होते. तेही धडच.