फाटकाचा फोटो

बस बडनेऱ्याला अडकली होती आणि माझा जीव अकोल्यात. आई जठारपेठेतल्या घरी अंथरुणाला खिळलेली. दुखणं जुनं, डॉक्टरांनीही आता घरीच राहू द्या म्हणून सांगितलेलं. मी अमरावतीहून शनिवार-रविवार जायची, बाकीचे दिवस शेजारच्या काकू बघायच्या. काकूंचा फुलांचा मळा, घरी सून, नातवंडं, मागे केवढा व्याप. तरी दोन्ही वेळा आईजवळ येऊन बसायच्या. त्या दुपारी त्यांचाच फोन आला आणि मी हातातलं काम तसंच टाकून निघाले.

"बाई फादरले बोलावून राह्यल्या," काकू म्हणाल्या. "ते तेल लावतेत म्हणे. लवकर बोलाव त्याईले."

आम्हा कॅथलिकांत माणूस फार आजारी झालं की फादर येतात, कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावून प्रार्थना करतात. आईला त्याशिवाय जायचं नव्हतं. जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणून अख्खी गल्ली तिला बाई म्हणायची. या बाईनं कधी कुणाकडे काही मागितलं नाही. मागितलं ते हे एवढंच.

पण बोलवायचं कोणाला? जुने फादर, ज्यांचा नंबर आईच्या फोनमध्ये होता, ते नुकतेच बदलून गेलेले. नवे आलेत एवढंच मला माहीत. त्यांचा नंबर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर वाचून दाखवला असणार. आमच्याकडे सगळ्या सूचना अशाच. जो चर्चमध्ये हजर, त्याला कळलं. आणि जो आजारी पडून घरी आहे, त्याला? अरे, फादर तर त्यालाच लागतात ना!

मग मी आमच्या चर्चची वेबसाइट उघडली. पोटापाण्यासाठी मी वेबसाइटच बनवते. मंगल कार्यालयं, शिकवणी वर्ग, बियाण्यांची दुकानं. त्यामुळे ती उघडल्याबरोबर तळपायाची आग मस्तकात गेली. आधी पडदाभर चर्चचं मोठं फाटक, रोषणाई केलेलं. ते सावकाश सरकून गेलं, मग वेदी सरकत आली, मग सणाची मिरवणूक. मग पुन्हा फाटक. खाली चर्चचा इतिहास, लांबच लांब. मिस्साच्या वेळा कुठे? नाहीत. एका कोपऱ्यात 'संपर्क' दिसलं, तिथे बोट ठेवलं तर म्हणे आपला संदेश लिहा, आम्ही लवकरच उत्तर देऊ. कपाळ माझं! माझी आई तिकडे श्वास मोजतेय आणि मी संदेश लिहू?

सगळ्यात तळाशी, बारीक अक्षरांत, एक फोन नंबर सापडला. लावला. उचलला तो जुन्या फादरांनी. ते आता धारणीच्या बाजूला, मेळघाटात. मी घाईघाईनं सांगितलं, ते आईचं नाव ऐकून हळहळले, नव्या फादरांचा नंबर सांगायला लागले आणि अर्ध्यातच आवाज तुटला. पुन्हा लावला, पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. बसमध्ये शेजारच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, बस जरा शांत. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते खिडकीबाहेर बघायला लागले.

शेवटी काकूंनाच म्हटलं, तुम्हीच जा. सुनेला आईपाशी बसवून त्या ऑटोत बसल्या. चर्चला त्या कधी गेलेल्या नव्हत्या, म्हणून ओळखू यावं यासाठी मी वेबसाइटवरचा तो फाटकाचा फोटो त्यांना पाठवला. काकू नेमक्या त्याच फाटकापाशी उतरल्या.

"फाटकाले कुलूप हाये," त्यांचा फोन आला. "मी हालवून राह्यली, कोणी येऊनच नाही राह्यलं. आता कुठून जाऊ, पोरी?"

मला काय ठाऊक कुठून! माझ्या लहानपणी आम्ही त्याच फाटकातून जायचो. रस्त्यावरची गाड्यांची गर्दी वाढल्यापासून ते फक्त मोठ्या सणाला उघडतात आणि एरवी सगळे मागच्या गल्लीतून, शाळेच्या बाजूनं आत जातात, हे मला नंतर समजलं. रोज जाणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ. म्हणून कुणी ते लिहिलं नाही. आणि जे कधीच उघडत नाही, त्याचाच फोटो सगळ्यात वर लावला, कारण ते फार देखणं दिसतं.

काकू उन्हात ते फाटक वाजवत राहिल्या. अखेर शाळेतून येणाऱ्या एका बाईंनी त्यांना मागच्या बाजूला नेलं. नवे फादर अंगणातच होते. काकू म्हणतात, मी अर्धंच बोलले तोवर त्यांनी तेलाची डबी खिशात टाकली आणि मोटारसायकल काढली. काकू आयुष्यात पहिल्यांदा परपुरुषाच्या गाडीवर मागे बसल्या, आणि बसल्या त्या या कामासाठी.

ते दोघं घरी पोचले तेव्हा आई नुकतीच गेलेली होती. अंग अजून कोमट होतं. सून सांगत होती, बाई मधून मधून डोळे उघडायच्या आणि विचारायच्या, आले का? ती म्हणायची, येऊनच राह्यले. फादरांनी मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. तेल मात्र जिवंत माणसालाच लावतात. मी पोचले तेव्हा डबी तशीच त्यांच्या हातात होती.

काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, माझं चुकलं का? मी नाही म्हटलं, शंभरदा म्हटलं, पण ते त्यांच्या मनात उतरेना. पुढे कितीतरी दिवस मला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना उठायची, गॅस बंद आहे का बघायची, पुन्हा बसायची. ती वेबसाइट उघडायची, ते फाटक सरकत यायचं आणि मी फोन आपटायची.

फादरांनीच मला बोलावलं आणि ही वेबसाइट आता तूच नवी कर म्हणाले. रविवारी मिस्सानंतर बैठक बसली. एकाला ड्रोननं घेतलेलं चित्रण हवं होतं, दुसऱ्यांना पान उघडताच घंटा वाजायला हवी होती. मी म्हटलं, सगळ्यात वर आजाऱ्यासाठी फादरांना बोलवायचं बटण, त्याखाली मिस्साच्या वेळा, त्याखाली मागच्या गल्लीचा साधा फोटो. समितीतले एक वयस्कर काका हसून म्हणाले, हे तं सगळ्याईले मालूमच आहे. तेव्हा माझा तोल गेला. ज्यांना माहीत आहे ते वेबसाइट उघडतच नाहीत, मी म्हटलं, माझ्या आईसाठी जिला धावावं लागलं तिला काहीच माहीत नव्हतं. मग कुणी घंटेचं नाव काढलं नाही. आणखी एक ठरलं. नवे फादर आले की लोकांसमोर त्यांच्या हाती चर्चच्या किल्ल्या देतात, अशी आमची रीत आहे. आता आधी वेबसाइटवरचा नंबर बदलायचा, मग किल्ल्या.

काम झाल्यावर दाखवायला मी काकूंना घेऊन गेले. त्या आढेवेढे घेत होत्या, मले काय समजते त्यातलं, म्हणत होत्या. फादर, समितीतले चार जण, सगळे टेबलाभोवती. मी त्यांच्या हातात फोन दिला आणि फक्त म्हटलं, काकू, फादरांना बोलवा.

त्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं आणि बटण दाबलं. लगेच टेबलावरचा फादरांचा फोन वाजला. सगळे खूश, कुणी तरी टाळी वाजवली. फादरांनी हसत हसत फोन कानाला लावला आणि हॅलो म्हटलं.

काकू हसत नव्हत्या. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरलेला.

"फादर," त्या म्हणाल्या, "बाई वाट पाहून राह्यल्या. लवकर या."

फादर खुर्चीवरून उठून उभे राहिले. फोन त्यांनी कानापासून काढला नाही.

"निघालोच," ते म्हणाले.