नातवंडे असा परिवार

एरंडोलहून जळगावला जाताना एसटीत शेजारच्या सीटवरचे एक आबा माझ्या पेपरातल्या निधनवार्ता वाचत होते. 'पश्चात मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"नातवंडे! बठ्ठासले एकच गोणीमा भरी टाकतस," ते हसले. मग हळूच म्हणाले, "माले एकच नात शे. मना टाईमले काय लिखतीन?"

"'एक नात' लिहितील, आबा."

"तिनं नाव पूनम शे. ते लिखाले जोयजे."

पेपराची नीट घडी घालून त्यांनी तो परत दिला.

परवा एका निधनवार्तेत वाचलं, 'पश्चात एक नात असा परिवार आहे.' वर नाव होतं, पण आबांचं नाव मी विचारलंच नव्हतं. नातीचं छापलं असतं, तर ओळखलं असतं.